समोर माणूस बसलाय रे, वर बघा की!

दोन दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहूनच टाकतो.

रविवारी सकाळी नाशिकला मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो होतो, पाच जण, सगळे शाळेपासूनचे. त्यातला एक पुण्याला असतो, त्याचे वडील गेल्या महिन्यात गेले. दिवस वगैरे झाल्यावर तो पहिल्यांदाच असा निवांत भेटत होता. मळ्यातली जागा, झाडाखाली टेबलं, चुलीवरचा रस्सा. मिसळ आली की आधी फोन वर, पापड बाजूला घे, तर्री दिसू दे, पाच मिनिटं तेच. बरं, तेवढं मी सोडून देतो. पण मग तो बोलायला लागला, की शेवटच्या रात्री मी आयसीयूबाहेर बसलो होतो, पप्पांनी मला आत बोलावलं आणि... तेवढ्यात शेजारच्याच्या फोनवर रील सुरू, फुल आवाजात! आणि हा म्हणतो, "बोल बोल भो, ऐकतोय मी." मान खालीच. दुसरा टाइप करतोय, तिसऱ्याने स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरली, हे बघ काय भारी आहे. तो गप्प झाला. पावाचा तुकडा रश्शात बुडवून तसाच हातात धरून बसला. पप्पांनी आत बोलावून काय सांगितलं हे एकानेही विचारलं नाही.

ऐकतोय म्हणे! कसला ऐकतोय? रीलमधला माणूस बोलतोय आणि मित्रही बोलतोय, दोघांचं एकदम डोक्यात शिरतच नाही. मेंदू नुसता इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडतं. त्या दिवशी माझ्या मित्राचा बाप सांडला.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला होता. आई बाळाशी छान खेळत असते, मग तिला सांगतात की आता काही मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेव, हसू नको, बोलू नको. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, हात पसरतं, ओरडतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडायला लागतं. आई तर समोरच आहे, कुठे गेली नाहीये! मित्राचा चेहरा मला अगदी तसाच दिसला, फक्त तो अडतीस वर्षांचा आहे म्हणून रडला नाही. आणि घरी काय वेगळं आहे? बहिणीचा पोरगा दीड वर्षाचा, ती फोनमध्ये असली की तिच्या मांडीवर चढतो आणि दोन्ही हातांनी हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवतो. सगळे म्हणतात किती गोड. मला नाही गोड वाटत, पोटात तुटतं माझ्या.

कोणी म्हणेल फोन बनवलाच तसा आहे. मान्य. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून दिलं होतं की टोच मारल्यावर कधी दाणा मिळतो कधी नाही असं ठेवलं की कबुतर टोचतच राहतं, रील पण तेच आहे, पुढचं भारी निघेल या आशेवर अंगठा चालूच. आधी पान संपायचं तरी, पुढे जायला क्लिक करावं लागायचं. 2006 मध्ये अझा रस्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोल आणलं, त्याला स्वतःला नंतर त्याचा पश्चात्ताप झाला. त्या कंपन्यांवर राग आहेच. पण त्या कंपन्या नव्हत्या ना टेबलावर, तुम्ही होता! दहावीला याच्याच घरी अभ्यासाला जायचो आपण, याच पप्पांनी रात्री अकराला चहा करून दिलाय आपल्याला.

ते गेले तेव्हा ग्रुपवर किती हात जोडले सगळ्यांनी, स्क्रोल करून संपेनात. फोन किती जणांनी केला? दोघांनी. अस्थी विसर्जनाला रामकुंडावर गेलो तर तिथेही एक जण पायऱ्यांवर उभा राहून व्हिडिओ कॉलवर, गुरुजी मंत्र म्हणताहेत आणि हा पाठ करून "आवाज येतोय का" विचारतोय. लाज वाटली मला.

काल रात्री मीच त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, पप्पांनी आत बोलावून काय सांगितलं रे? आधी म्हणाला जाऊ दे ना. मग बराच वेळ काहीच नाही, मीही थांबलो. मग बोलला, सव्वा तास बोलला. काय ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. पण महिनाभर ते त्याच्या छातीत तसंच पडून होतं आणि आम्ही रविवारी तर्रीचे फोटो काढत होतो.

आज सकाळी ग्रुपवर मेसेज, "पुढच्या संडेला परत मिसळ?" मी लिहिलंय की फोन गाडीच्या डिकीत ठेवणार असाल तर येतो, नाहीतर मला धरू नका. सगळ्यांनी वाचलंय, दुपार झाली, अजून कोणी काही बोललेलं नाही.