न्यूझीलंडला येताय? स्वेटर कमी आणा, प्रश्न जास्त विचारा

दर मे महिन्यात, इथला हिवाळा तोंडावर आला की, आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन आलेलं कुणीतरी विचारतंच, "हीटर कुठला घेऊ?" मग जो तो आपापला हीटर सुचवतो, लिंका पडतात, सेल कुठे लागलाय ते कळतं. माझं मत ऐकाल तर हीटर सगळ्यात शेवटी. आधी घर बघा.

मी वेलिंग्टनशेजारच्या लोअर हटमध्ये राहते. इथे हिवाळ्यात दुपारी अकरा-बारा डिग्री असतं, शहरात बर्फ वगैरे काही पडत नाही. आमच्या नाशिककडच्या निफाडला डिसेंबरच्या पहाटे याहून खाली जातं, त्यामुळे इकडची थंडी सांगितली की माहेरचे हसतात. कॅनडातली चुलतबहीण तर जास्तच हसते, पण ती बाहेर उणे वीस असताना घरात टी-शर्टवर बसलेली असते आणि आम्ही घरात टोपी घालून भाजी चिरतो. निफाडला निदान दहा वाजता अंगणात ऊन तरी येतं हो.

घरात एवढं गार असण्याचं कारण घरांच्या बांधणीत आहे. १९७८ पर्यंत इथे नव्या घराला इन्सुलेशन, म्हणजे ऊब आत धरून ठेवणारा थर, घालायची सक्तीच नव्हती, आणि भाड्याने मिळणारी कितीतरी घरं त्याआधीची आहेत. लाकडी फळ्यांची भिंत, आत नुसती पोकळी, खिडकीला एकेरी काच, आणि अख्खं घर जमिनीपासून वर छोट्या खांबांवर, खाली उघडी माती. त्या मातीतून ओल वर येते. शंभर चौरस मीटरच्या घराखालून दिवसाला चाळीस लिटरपर्यंत पाणी वाफ होऊन वर येऊ शकतं, आणि त्यावर उपाय काय, तर मातीवर अंथरलेला जाड प्लॅस्टिकचा कागद! एवढं साधं काम, पण घर बघायला जाताना आपण किचन किती मोठं आणि स्टेशन किती लांब एवढंच विचारतो, घराखाली कागद आहे का हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

ओटागो विद्यापीठाच्या फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या टीमने इन्सुलेशन नसलेल्या १३५० कुटुंबांवर एक अभ्यास केला होता, २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी हीटर वाटले नाहीत, फक्त घरांना इन्सुलेशन घातलं. बेडरूमचं तापमान सरासरी अर्ध्या डिग्रीनेच वाढलं, हवेतली ओल थोडी कमी झाली, बस. तरी त्या घरांतल्या लोकांची छातीतली घरघर कमी झाली, शाळेला आणि कामाला सुट्ट्या कमी पडल्या. दर जूनमध्ये पोराचा खोकला जात नाही म्हणून आईने पाठवलेलं सितोपलादी चाटवणाऱ्यांनी (त्यात आम्हीही आलो) एकदा त्याच्या गादीच्या मागची भिंत बघावी. काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे.

आणि ओल फक्त खालून येत नाही, आपणही भरपूर करतो. बाहेर पाऊस म्हणून कपडे घरात स्टँडवर वाळत घातले की एका लोडमागे पाच लिटरपर्यंत पाणी हवेत जातं. कुकरच्या शिट्ट्या, वरणाचं आधण, अर्धा तास चाललेली गरम पाण्याची आंघोळ, आणि खिडक्या घट्ट बंद कारण थंडी! फोडणीचा वास नको म्हणून एक्झॉस्ट लावतात लोक, पण भात शिजताना बंद. उलट करा खरं तर. रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, कुडकुडायला झालं तरी, कारण दमट हवा तापवायला कोरड्या हवेपेक्षा जास्त वीज जाते. आणि तो सिलिंडरवाला चाकांचा गॅस हीटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तो तासाला लिटरभरापर्यंत पाणी हवेत सोडतो, वर त्याचा धूर घरातच राहतो. बेडरूममध्ये तर तो धोकादायकच.

आता वास्तूवाल्यांसाठी खास. आपली मंडळी इथेही पूर्वमुखी दार शोधतात, शोधा बापडे, पण आपण विषुववृत्ताच्या खाली आलोय, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. बैठकीची खोली दक्षिणेला असलेलं घर घेतलंत तर तिथे अख्खा हिवाळा ऊन येणार नाही. उत्तर दिशा कुबेराची म्हणतात ना, मग उत्तरेला मोठ्या खिडक्या असलेलं घर घ्या, कुबेर विजेच्या बिलात दिसेल.

मला खरी चीड येते ती सहन करण्याच्या कौतुकाची. इथल्या जुन्या लोकांचं एक ठरलेलं असतं, थंडी वाजतेय तर अजून एक जर्सी घाल. आपलं पण ठरलेलं असतं, होईल सवय, आलोय ना परदेशात मग. हे दोघं भेटले की घरमालकाचं फावतं. आमच्या आधीच्या घरी प्रॉपर्टी मॅनेजरला बुरशीचे फोटो पाठवले तर उत्तर आलं की तुम्ही लोक स्वयंपाक खूप करता. अहो, स्वयंपाक करतो, पण छताच्या वर इन्सुलेशनच्या जागी दोन बोटं धूळ आहे त्याचं काय?

आणि कायदा आहे बरं का. २०१९ चे हेल्दी होम्स स्टँडर्ड्स, १ जुलै २०२५ पासून सगळ्या भाड्याच्या घरांना लागू. छताला आणि फरशीखाली इन्सुलेशन, मुख्य खोलीत १८ डिग्रीपर्यंत तापवू शकेल असा बसवलेला हीटर, किचन-बाथरूमला एक्झॉस्ट, फरशीखालची जागा बंदिस्त असेल तर तिथे मातीवर तो प्लॅस्टिकचा कागद, आणि विनाकारणच्या फटी बुजवलेल्या. फट किती मोठी चालत नाही तर तीन मिलिमीटरच्या वर, दोन डॉलरचं नाणं आत जात असेल तर घरमालकाने ती बुजवायची. हे सगळं भाडेकरारासोबत लेखी द्यावं लागतं. नसेल तर काम करून द्या म्हणून घरमालकाला चौदा दिवसांची नोटीस द्या, नाहीतर टेनन्सी ट्रिब्युनल, म्हणजे भाड्याच्या घरांचे तंटे सोडवणारं न्यायाधिकरण. तक्रार केली म्हणून घर खाली करायला सांगणं हेही बेकायदेशीर आहे. तरी आपले लोक घाबरतात, व्हिसाला काही होईल का म्हणून. व्हिसाचा आणि याचा काडीचा संबंध नाही.

कायदा अर्धवट आहे हेही सांगते. भिंतींचं त्यात काही नाही, डबल ग्लेझिंगची, म्हणजे खिडकीला दुहेरी काचेची, सक्ती नाही, आणि हीटर फक्त मुख्य खोलीत. पोरं झोपतात त्या खोलीचं काय, तर काही नाही! १८ डिग्री हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे, तो सोफ्यापुरता नव्हता.

म्हणून उरलेलं आपण करायचं. छतापासून जमिनीपर्यंत अस्तराचे जाड पडदे, सूर्य मावळायच्या आत ओढायचे. दारांखाली कापडी गुंडाळी, जुन्या साडीची छान होते. खिडकीच्या चौकटीला डबल टेपने लावायची पारदर्शक फिल्म हार्डवेअरच्या दुकानात मिळते, हेअर ड्रायर फिरवला की ताणून बसते, दिसायला बरी नाही पण काम करते.

मग हीटर. हीट पंप असेल तर तोच वापरा, म्हणजे आपला एसीच, उलटा चालणारा. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटच्या आसपास उष्णता देतो. प्लगवाला कुठलाही घ्या, साठ डॉलरचा घ्या नाहीतर सहाशेचा, एका युनिटला एकच. आणि हीट पंप तीसवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, आमच्याकडे रिमोट ज्यांच्या हातात असतो त्यांनी हे वाचावं. वीसवर ठेवा, फिल्टर धूत जा.

मराठी घरांत पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना तापवतात आणि स्वतः गारठलेल्या खोलीत चार रजयांखाली झोपतात, ते आता बंद करा. इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या, त्याला हीटरपेक्षा वीज अगदीच थोडी लागते.

कॉमेंटमध्ये "आम्ही तर शॉर्ट्सवर फिरतो" लिहिणाऱ्या ऑकलंडकरांनी आधी कपाटातल्या चामड्याच्या चपला बाहेर काढून बघाव्यात, हिरव्या झाल्यात का ते, मग बोलू.