सायकल, हेल्मेट आणि विचारी माणूस

सायकल चालवताना हेल्मेट घालावे की नाही, हा प्रश्न घाईने निकालात काढण्याजोगा नाही, हे आपण सर्वप्रथम ध्यानात घ्यावे. दुकानात जाऊन, वस्तू विकत घेऊन आणि ती वापरून प्रश्न सोडवणे हे पुण्यात हलक्या बुद्धीचे लक्षण मानले जाते. विचारी माणूस आधी त्या प्रश्नाला दोन बाजू आहेत हे सिद्ध करतो, मग तिसरी बाजू स्वतः शोधून काढतो, आणि तोवर पावसाळा सुरू झाल्यामुळे सायकलच गॅलरीत प्लास्टिकच्या कागदाखाली जाऊन बसते. प्रस्तुत लेखकाने या पद्धतीने हेल्मेटचा निर्णय चार वर्षे लांबवला, आणि तो घेतल्यानंतरही त्याची अंमलबजावणी कशी टाळता येते याचा कसून अभ्यास केला. त्या अनुभवाचे सार आपल्या हाती यावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी, कारण कायदा आपल्या बाजूने आहे आणि असा योग स्कूटरवाल्याच्या नशिबी नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२९ मोटारसायकल चालवणाऱ्याला आणि त्याच्या मागे बसणाऱ्याला हेल्मेट घालायला लावते. साधी सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येतच बसत नसल्यामुळे ते कलम आपल्या टाळक्यापर्यंत पोहोचत नाही. (त्याच कलमात पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट दिलेली आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी या सवलतीत तिचा समावेश नाही, ही गोष्ट येथील जाणकारांच्या नजरेतून कशी सुटली, कोण जाणे.) पूर्वी सायकलवर डबलसीट बसल्याबद्दल किंवा रात्री दिवा नसल्याबद्दल हवालदार अडवत आणि चाकांतली हवा सोडत, परंतु डोक्यावर काय आहे याची चौकशी त्यांनीही कधी केली नाही.

मात्र कायदा नसल्यामुळे एक अडचण उभी राहते, ती अशी की विरोध नेमका कोणाला करायचा हे कळत नाही. २०१९ च्या जानेवारीत दुचाकीस्वारांसाठी हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा या शहराने आपली सगळी प्रतिभा पणाला लावली होती. मान आखडते, केस गळतात, घाम येतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, आणि शहरातल्या गर्दीत वेग असतोच कुठे, हे सर्व मुद्दे तेव्हा घासूनपुसून तयार झालेले आहेत. ते वाया घालवू नयेत. सायकलीसाठी किरकोळ दुरुस्ती करून तेच वापरावेत. सायकलच्या हेल्मेटला कानांवर काहीच नसते आणि हवा खेळण्यासाठी बोट-दोन बोटे रुंद खाचा असतात, त्यामुळे ऐकू न येण्याचा मुद्दा तितकासा टिकत नाही. तथापि तो ठामपणे मांडल्यास समोरच्याने सायकलचे हेल्मेट कधी हातात धरलेलेच नसण्याचा संभव बराच असतो.

आता परदेशी संशोधनाकडे वळावे. येथे आपल्याला इयन वॉकर यांचे नाव तोंडपाठ पाहिजे. तेव्हा इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात असलेल्या या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावून स्वतः रस्त्यावर फेऱ्या मारल्या आणि २००७ साली असे प्रसिद्ध केले की, हेल्मेट घातलेले असताना मागून येणारी वाहने सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून पुढे गेली. प्रयोगाच्या काळात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली, व दोन्ही वेळा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, हा तपशील सांगताना आपण आवाज थोडा खाली आणावा, म्हणजे परिणाम वाढतो. कुमठेकर रस्त्यावर दोन वाहनांमध्ये मुळात साडेआठ सेंटीमीटर अंतर असते तरी का, की ज्यातून आणखी साडेआठ वजा करता येतील, असे एखादा आगाऊ भाचा विचारील. त्याला चहा आणायला पाठवावे. याच प्रयोगात वॉकर यांनी लांब केसांचा टोप घातला तेव्हा वाहनांनी त्यांना जास्त जागा दिली होती. म्हणजे खरा शास्त्रीय निष्कर्ष पाळायचा तर आपण सर्वांनी गंगावन लावून फर्ग्युसन रस्त्यावर फिरायला हवे, परंतु संशोधनाचे पालन इतक्या टोकाला नेण्याची गरज नाही.

याच आकड्यांची पुढे इतरांनी फेरतपासणी केली आणि निष्कर्ष इतका सरळ नाही असे म्हटले, तो भाग वाचू नये. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास आणि चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा कोणी पुढे केल्यास गोंधळून जाऊ नये. वॉकर यांच्या बाबतीत एका माणसाच्या फेऱ्या आपल्याला पुरल्या होत्या. येथे मात्र भुवई किंचित उंचावून, ‘पण त्या चौसष्ट हजारांत पुण्याचे किती?’ असे विचारावे.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे, तर तोही पदरात पाडून घ्यावा. तेथील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, आणि सक्तीमुळे लोक सायकल चालवणेच सोडतात का, यावर अभ्यासक तेव्हापासून भांडत आहेत. हा वाद खरा आहे आणि गंभीरही आहे; पण तो सक्तीविषयीचा आहे. आपण तो बेमालूमपणे हेल्मेटविषयीचा करून टाकावा. हेल्मेट विकत घ्या असे बायकोने म्हटल्यावर ‘सक्तीला माझा तात्त्विक विरोध आहे’ असे उत्तर देता येते, आणि ते ऐकून ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली, तर तिला आपले म्हणणे पटले असे धरून चालावे.

त्यानंतर हॉलंड. हॉलंडमध्ये सायकलवरून कामाला जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी माणसे सहसा हेल्मेट घालत नाहीत, ही गोष्ट खरी असल्यामुळे विशेष उपयोगी आहे. तेथे सायकलींना वेगळा, सलग आणि मोकळा रस्ता असतो, हे उपवाक्य मात्र वाटेतच गाळावे. सायकल मार्ग काय, आपल्याकडेही आहेत. २००६ पासून बीआरटीच्या, म्हणजे बसगाड्यांसाठी राखलेल्या मार्गाच्या, शेजारी ते आखले गेले, आणि त्यांवर आज लावलेल्या दुचाक्या, विजेच्या डीपी, एखादे वडाचे झाड, भुईमुगाच्या शेंगांची गाडी आणि त्या शेंगा खात उभे असलेले आपण, असे सर्वजण गुण्यागोविंदाने नांदत आहेत.

खेळाडूंचा दाखला देताना मात्र जपून राहावे. १९९१ साली पॅरिस-नीस शर्यतीत जगातल्या अव्वल सायकलपटूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध बंड केले आणि जागतिक संघटनेला माघार घ्यावी लागली, येथपर्यंत कथा अत्यंत आपली वाटते. पुढे २००३ साली त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रे किविलेव्ह पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि दोन महिन्यांच्या आत सक्ती आली. तेव्हाही शेवटचा चढ पाच किलोमीटरहून लांब असेल तर तेथे हेल्मेट काढून ठेवण्याची सवलत सुरुवातीला होती. सिंहगडाचा घाट पाच किलोमीटरहून लांब आहे, एवढेच आपण लक्षात ठेवावे. येताना तोच घाट उताराचा होतो, ही निसर्गाची चूक आहे.

आता या सगळ्या अभ्यासातले मुख्य सूत्र सांगतो, आणि ते आपण वहीत लिहून ठेवले तरी हरकत नाही. वादात नेहमी ट्रक आणावा. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय प्रमाणकानुसार चाचणी घेताना ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर आपटतात. त्या क्षणी त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो, आणि आतल्या कृत्रिम डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींच्या आत राहिला तर ते उत्तीर्ण होते. साडेएकोणीस! असे उद्गारवाचक चिन्हासह म्हणावे आणि लगेच विचारावे, की ताशी साठच्या वेगाने येणाऱ्या ट्रकपुढे हे थर्माकोलचे भांडे काय करणार? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते खरोखरच फारसे काही करत नाही. ट्रक एकदा चर्चेत शिरला की मग वाळूचा पातळ थर, ओले पांढरे पट्टे, सोसायटीच्या फाटकापाशी आडवे आलेले कुत्रे आणि रस्त्यावर थरावर थर डांबर चढत गेल्याने चार बोटे खोल गेलेले चेंबरचे झाकण यांना आत यायला जागाच उरत नाही. दीड मीटर म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची जमिनीपासूनची साधारण उंची, हे तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

इतके होऊनही हेल्मेट घेण्याची वेळ आलीच, तर दुकानात खालीलप्रमाणे वागावे. दुकानदार सांगेल की आतला फेस धक्का बसताच स्वतः दबतो आणि थांबण्याचा वेळ क्षणभर लांबवून डोक्यावरचा मार कमी करतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद समजावे. येथे आपण दुखावले गेले पाहिजे. ज्या घरात पणजीचा पितळी डबा पाच वेळा जिन्यावरून गडगडूनही आजतागायत पोहे भरायला आहे, त्या घरात एकदाच पडण्यासाठी दीड-दोन हजार रुपये मोजायचे, ही कल्पनाच असभ्य आहे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे, पट्ट्या कानाखाली इंग्रजी ‘व्ही’सारख्या जुळाव्यात आणि हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटे शिरावीत, असेही तो सांगेल. आपण ते मागे सरकवून, कपाळ पूर्ण मोकळे ठेवून, पट्टा गळ्यातल्या उपरण्यासारखा लोंबता सोडावा. त्याने आपण सुरक्षाही पाळतो आणि तिचे दडपणही घेत नाही, असा दुहेरी संदेश जातो.

पहिल्याच दिवशी तळमजल्यावरचे काका ‘काय, लढाईला का?’ असे विचारतील. त्यांच्याकडे स्कूटरचे हेल्मेट आहे, ते त्यांनी २०१९ सालीच घेतले आणि त्यात सध्या बल्ब ठेवले आहेत.

रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्यावर जे थवे दिसतात, त्यांचा गणवेश, गॉगल आणि हेल्मेट एकाच रंगमालेतले असते, आणि भजी खातानाही ते हेल्मेट काढत नाहीत, कारण फोटो व्हायचा असतो. त्याच रस्त्याने उलट्या दिशेने, काळ्या दांडीच्या जुन्या सायकलीवर डबा लटकवून रात्रपाळीचा रखवालदार घरी जात असतो. त्याच्या डोक्यावर कानटोपी असते. हेल्मेट घालावे की नाही, या विषयावर त्याचे मत कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि मीही विचारलेले नाही. या लेखातले सगळे युक्तिवाद ज्यांना निवड आहे त्यांच्याचसाठी आहेत, हे जाता जाता कबूल केलेले बरे.

प्रस्तुत लेखकाचे हेल्मेट निळे आहे. गेल्या आषाढात, पहिली मोठी सर येऊन गेल्यावर, तो मंडईतून भाजी घेऊन निघाला. पिशवी विसरली होती, आणि टोमॅटो चांगले पिकलेले, नरम होते. म्हणून त्याने हेल्मेट पुढच्या बास्केटमध्ये उलटे ठेवले, त्यात एक किलो टोमॅटो नीट रचले, आणि ते उसळून बाहेर पडू नयेत म्हणून वरून पट्टा अडकवून असा घट्ट ओढला की त्याखाली एक बोटही शिरले नसते. लकडी पूल ओलांडला, कर्वे रस्ता सुखरूप पार पडला, एकही ट्रक अंगावर आला नाही. घरापासून शंभर पावलांवर, पाण्याने भरलेल्या डबक्याखाली ते चेंबरचे झाकण होते. वेग फार तर बाराचा असेल. पुढचे चाक खाली गेले आणि थांबले. लेखक मात्र थांबला नाही.

डाव्या भुवईवर चार टाके पडले. डॉक्टरांनी टाके घालताना ‘हेल्मेट नव्हते का?’ असे विचारले, तेव्हा ‘होते’ असे खरे उत्तर देऊन लेखक गप्प बसला. घरी आल्यावर बायकोने आधी जखम पाहिली, मग बास्केटमधले हेल्मेट बाहेर काढले. त्याला एका बाजूने बारीक चीर गेली होती. तिने पट्टा सोडला आणि टोमॅटो एकेक करून ताटात ठेवले. एकही फुटलेला नव्हता. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही, हे जरा जास्तच झाले असे मला वाटते.

रात्री सार केले होते. चांगले झाले होते.