घरची भाषा गेटबाहेर काढून ठेवण्याची सोपी पद्धत

सोलापुरात, त्यातही विणकर आणि विडी कामगारांच्या पूर्व भागात शाळा चालवायची म्हणजे पहिलीच्या एका वर्गात पाच घरच्या भाषा सांभाळायच्या. पहिल्या बाकावर तेलुगू, खिडकीशी कानडी, मागं दखनी, दाराजवळ लमाणी किंवा कैकाडी. उरलेली पोरं मराठी, पण तीही ‘काय बे, चल की’ वाली. पुस्तकातली मराठी घरून घेऊन येणारं पोर हुडकायला निघालात तर मधली सुट्टी संपेल. एवढ्या पसाऱ्यात शिकवायचं कसं? उत्तर सोपं आहे: पसारा नाहीच असं धरून चालायचं. त्याची पद्धत पुढे देत आहोत. बहुतेक ठिकाणी ती आधीपासून चालू आहेच, आम्ही फक्त ती नीट लिहून काढली.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद होते त्या वहीपासून. त्यात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. तो भरताना आईला काही विचारू नका, ती खरं सांगून बसेल. क्लार्कला एकदाच सांगून ठेवा की शाळा मराठी म्हणजे रकान्यात ‘मराठी’. यूडायसच्या, म्हणजे सरकारला दरवर्षी द्यायच्या शाळेच्या माहितीतही तेच उतरवायचं, वर्षाअखेरी दाखल्यावर तेच जाईल. याचा फायदा मोठा आहे. पटावर सगळेच मराठी भाषक झाले की वर्गात तेलुगू मूल उरत नाही, आणि नसलेल्या मुलाला मराठी शिकवायची वेगळी सोय करायचा प्रश्नच येत नाही. वरून कोणी आकडा मागितला तर शून्य कळवायचं. शून्याला अनुदान लागत नाही, शिक्षकही लागत नाही.

त्याच टेबलावर आडनाव उरकून घ्या. येमूल, यमुल, एमुल, जे पहिलं सुचेल ते. वडिलांचा दाखला, आधार, जन्माची नोंद शेजारी मांडून अक्षर न अक्षर ताडून बघायला पाच मिनिटं जातात, आणि जूनमध्ये पाच मिनिटं कोणाकडे असतात? या पाच मिनिटांची किंमत बारावीनंतर कळते. तेलुगू विणकरांचा पद्मशाली समाज राज्यात विशेष मागास प्रवर्गात येतो. प्रवेशासाठी जात पडताळणीला गेलं की आजोबांच्या कागदावरचा ‘ए’ आणि नातवाच्या दाखल्यावरचा ‘य’ समोरासमोर येतात. तोवर पोरानं शाळा सोडलेली असते आणि रजिस्टरातली दुरुस्ती तेव्हा सहज होत नाही. पण तोवर तुमचीही बदली झालेली असते.

आता वर्गात या. पहिल्याच दिवशी मुळाक्षरं सुरू करा. काही शिक्षक पहिले सहा-आठ आठवडे नुसतं बोलण्यात घालवतात. चित्र दाखवून गोष्ट सांगतात, तीच गोष्ट तीन-चारदा सांगतात, ‘बस, ऊठ, आण, ठेव’ हे शब्द करून घेतात, उत्तर घरच्या भाषेत आलं तरी घेतात आणि मराठीत परत म्हणून दाखवतात. मग अक्षराला हात घालतात. कारण काय म्हणे, कानावरून न गेलेला शब्द डोळ्यांनी वाचला तरी डोक्यात काही उमटत नाही. हा वेळखाऊ प्रकार तुम्ही करू नका. फळ्यावर ‘नळ’ आणि ‘घर’ लिहा आणि घोकून घ्या. तेलुगू पोर ‘नळ’ अगदी स्वच्छ वाचेल, ळ सकट, तो त्याच्याही भाषेत आहे. नळ म्हणजे काय ते त्याला विचारू नका, म्हणजे झालं.

त्यातून निपुण भारतची, म्हणजे केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेची सोय आहेच. दुसरीला मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीला किमान 60. लक्ष्यात ‘अर्थासह’ असंही काहीतरी आहे, पण स्टॉपवॉचला अर्थ मोजता येत नाही. पोर 62 शब्द धडाधड वाचतं, नोंदवहीत हिरवी खूण पडते, सगळे खूश. उताऱ्यातली शेळी कुठं गेली हे विचारायला कोणी पुढच्या मिनिटाला थांबत नाही.

या पद्धतीचं खरं सौंदर्य मात्र गणितात दिसतं, म्हणून इथं जरा थांबू. श्रुतलेखनात ‘पंचवीस’ म्हणा. कानावर आधी पाच पडतो, मग वीस. पोराची पेन्सिल आधी 5 काढते, शेजारी 2. झाले 52. लाल रेघ मारा. घरी हेच पोर ‘इरवै ऐदु’ म्हणतं, आधी वीस, मग पाच, म्हणजे जसं लिहायचं तसंच. कानडीत ‘इप्पत्तैदु’, तीच तऱ्हा. आता ‘एकोणतीस’ म्हणा. त्याला ऐकू येतं एक आणि तीस, ते 31 लिहितं. पुन्हा लाल रेघ. तिसात एक कमी ही खोच एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा येते आणि नव्व्याण्णवला अचानक सोडून देते. मराठी घरातल्या पोराला ती आजीच्या तोंडून ऐकून पाठ झालेली असते. या पोराच्या आजीनं मोजलेलं असतं ‘इरवै तोम्मिदि’, वीस आणि नऊ. दुकानातून सुटे पैसे आणताना किंवा आईच्या विड्यांचे कट्टे मोजताना हे पोर चुकत नाही. वर्गात मात्र चुकतं. तेव्हा शेरा लिहा: ‘गणितात कच्चा’.

चूक कुठली ते बघायला गेलात तर पंचाईत होईल. 25 चे 52 झाले ही ऐकण्याच्या क्रमाची चूक. 25 अधिक 8 बरोबर 23 हा हातचा विसरल्याचा प्रकार, तो वेगळा. दोन्हींवर एकच लाल रेघ असली की वेगळा उपाय करावा लागत नाही. नाहीतर दशकाच्या काड्यांचा गठ्ठा आणि सुट्या काड्या समोर ठेवा, आधी घरच्या भाषेत म्हणून घ्या, मग मराठीत, एकोणतीसला तीस काड्या मांडून एक काढून दाखवा, असली खटपट मागं लागते. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसचं ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर काय धुरळा उडाला हे आठवत असेल. विषय विधानसभेपर्यंत गेला, विनोद तर महिनाभर पुरले. जोडाक्षरं नकोत म्हणून संख्या अशा वाचल्या म्हणजे भाषा बुडाली, असा सूर होता. मराठी टिकेल की नाही यावर घराघरांत चर्चा झाली. पूर्व भागातल्या पोराला ते वाचन घरच्यासारखं वाटलं असतं, ही गोष्ट त्या गदारोळात फार लांब राहिली.

व्याकरणाचं म्हणाल तर हसणं पुरे. ‘आई आलं’ असं पोर म्हणालं की वर्गाला हसू द्या. तेलुगूत एकवचनात आई, गाय आणि बस यांना क्रियापद एकच लागतं, त्यामुळे ते पोर आपल्या नियमाप्रमाणे बरोबरच बोलत असतं. कानडी पोर ‘आई आली’ बरोबर म्हणेल, पण फळा, वही आणि पुस्तक यांना तीन वेगळी लिंगं का, इथं अडकेल, कारण त्याच्याकडे वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. हे कळलं तर आठवड्याभराच्या सरावानं सुधारतं. हसलात तर पोर बोलायचंच थांबतं, आणि न बोलणारं पोर चुकत नाही. वर्ग शांत ठेवायचा हा उपाय छडीपेक्षा स्वस्त आहे.

बाकांची मांडणी हाही भाग महत्त्वाचा. एका भाषेची दोन पोरं शेजारी बसवू नका. एकाला कळलं की तो दुसऱ्याच्या कानात तेलुगूत सांगतो आणि दुसऱ्यालाही कळतं. ही कॉपी. इंग्रजी माध्यम असेल तर घरची भाषा तोंडून निघाली की पाच रुपये आणि नाव टिपायला एक मॉनिटर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, तेव्हा दंड म्हणू नका, ‘शिस्त निधी’ म्हणा. पालक तक्रार करणार नाहीत. इंग्रजी त्यांनाच हवी असते, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. तेलुगूतून समजावलेली इंग्रजी जास्त टिकते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. तुम्हीही सांगू नका.

कायद्याची भीती बाळगू नका. घटनेचं कलम 350अ 1956 पासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणतंय. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये तेच म्हणतो, पण ‘शक्य तोवर’ जोडून. 2020 चं धोरण पाचवीपर्यंत घरची भाषा सांगतं, तेही ‘शक्य असेल तिथे’. ही दोन वाक्यं फ्रेम करून ऑफिसात लावा.

संस्कृतीसाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवा. मुलींना परकर-पोलकं, मुलांना धोतर, एक बतुकम्मा (तेलुगू घरांतली फुलांच्या थरांची रचना), एक फोटो. तिचे थर कसे रचतात, तळाला कोणतं पान, कोणत्या थरात तरवड, कुठं कुरडू, वर्तुळ लहान होत जातं तशी फुलं किती कमी लागतात, हे विचारू नका. ते सगळं तिसरीतल्या पोरीला पाठ असतं. विचारलंत तर भूमिती आणि परिसर अभ्यासाचा तास तीच घेईल. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तिची संध्याकाळ कुठं जाते हेही लक्षात घेऊ नका, चाचणी नेमकी तेव्हाच ठेवा. 12 जानेवारीला, इंग्रजांनी फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषण असतंच. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा. नावं भरभर वाचा, म्हणजे ही चार नावं किती वेगळ्या घरांतली आहेत हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

सेटलमेंटकडून, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथं कोंडलं त्या वस्तीकडून येणाऱ्या पोरांसाठी वेगळी सूचना नाही. कंपासपेटी हरवली की आधी त्यांचंच दप्तर उघडा. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण दप्तर उघडायला कायदा कुठं लागतो?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवा. विडीवाल्या बाईची दिवसाची मजुरी वळलेल्या विड्यांवर असते, ती येणार नाही, आणि यंत्रमागावरचा माणूस बारा तासांच्या पाळीत असतो. नोटीस ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या थाटात काढा. सहीसाठी रजिस्टर पोराच्या हाती घरी पाठवा.

राहिला तेलुगू आणि कानडी माध्यमाचा वर्ग. तो कोणी बंद करत नाही, तो बंद पडतो. बालभारती या भाषांत पुस्तकं छापते आणि दहावीची परीक्षाही त्यांतून देता येते, हे जूनच्या प्रवेशफेरीत बोलू नका. पालकाला वाटतं, पुढं काही नाही. निवृत्त शिक्षकाची जागा रिकामी ठेवा, वर्ग दुसऱ्या माध्यमाच्या बाईंकडे द्या. पट आपोआप उतरेल. साठपर्यंत दोन शिक्षक हा नियम आहे, पण पट वीसखाली गेला की चर्चा नियमाची राहत नाही, समायोजनाची, म्हणजे मुलं-शिक्षक दुसरीकडे हलवण्याची होते. अहवालात लिहा, ‘पालकांचा प्रतिसाद नाही’. रिकाम्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवा, फक्त आधी उंदरांचा बंदोबस्त करून घ्या.