बिनस्टँडची

साठ हजारांच्या सायकलला स्टँड नसतो. घंटी नसते, मडगार्ड नसतं, कॅरिअर तर विचारूच नका. "स्टँडनं तीनशे ग्रॅम वजन वाढतं, सर," दुकानातला पोरगा माझ्या पोटाकडे बघत म्हणाला होता. तेव्हाच उठायला हवं होतं.

परवाच्या रविवारी वाईहून धोम धरणाकडे निघालो. ग्रुपातली पोरं पुढे सटकली. मी मेणवलीत थांबलो, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला. (दम लागला होता. इतिहास अशा वेळी कामाला येतो.)

आता सायकल लावायची कुठे? भिंतीला टेकवली की हँडल वळून आडवी. घाटाच्या वाटेवर एक आजोबा बसले होते.

"पावनं, स्टँड लावा की."

"स्टँड नाहीये, आबा."

"मोडला?"

"नाही, येतच नाही."

"केवढ्याला घेतली?"

इथं खोटं बोलायला हवं होतं. "साठ हजार."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आन् घंटी?"

"तीपण नाही."

"आवं, चिमाजी आप्पांनी वसईवरनं केवढी घंटा आनली, ती खाली हाय बघा. तुमास्नी पुन्यातनं येवढुशी आनता यीना?"

मग, बाजारात खोंड धरावा तशी त्यांनी सायकल धरली. "जावा बघून."

खाली घंटा होती. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतली, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. अंगावर बाळाला घेतलेली मेरी, मुक्काम शंकराच्या देवळापाशी. निवांत उभं राहून बघावी अशी. पण वरून आवाज येत होता: "साठ हजाराची हाय, पन स्टँड न्हाई!" थोड्या वेळानं साठाचे ऐंशी झाले. मी पायऱ्या चढेपर्यंत लाख. भोवती पाच-सहा माणसं. एक जण टायर दाबून बघत होता, दुसरा माझी गादीवाली चड्डी.

माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलला स्टँड होता, डायनामो होता, कॅरिअरवर वीस किलोचं दळण यायचं. दळण उतरवताना सायकल जागची हलायची नाही. आता स्टँड वेगळा विकत मागितला, तर "या फ्रेमला बसत नाही." म्हणजे माणसानं साठ हजार भरून जन्मभर सायकल धरून उभं राहायचं? चहासुद्धा एका हातानं? आणि तीनशे ग्रॅम कमी करून मी कुठली शर्यत जिंकणार होतो?

धोमच्या देवळात नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय. दगडाच्या नंदीला खाली आधार दिलाय लोकांनी! धरणाचं निळं पाणी मी हँडल धरूनच बघितलं. पोरांचे फोटो काढून झाले होते.

परतताना मेणवलीतून मान खाली घालून, जीव खाऊन पायडल मारलं. तरी मागून आवाज आलाच.

"ती बघा, दीड लाखाची चालली!"