शहाण्णवावा हिस्सा

पूर्वी आमच्या गुहागरच्या घरी पहाटे साडेपाचला फोन वाजला, तर तो उचलण्याआधीच घरातली माणसे सुतकाचे दिवस मोजू लागत. गेल्या ऑक्टोबरात मात्र त्या वेळी रोज पुतण्याचा फोन येऊ लागला. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात, जेवणे आटोपलेली असतात आणि दादा, वहिनी व पुतण्या हे तिघे संगणकासमोर बसून, आपण किती गरीब आहोत हे अमेरिकेला पटवून देत असतात. त्या कामी त्यांना कोकणातला एक साक्षीदार हवा होता, आणि लग्न न केल्यामुळे मी सदैव रिकामा असतो अशी घरात समजूत आहे.

वहिनींच्या थोरल्या बहिणीने या कुटुंबासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला 2005 साली आणि त्यांचा नंबर लागला 2023 साली. भावाबहिणींच्या त्या रांगेत भारतीयांना एवढे थांबावेच लागते. अर्ज केला तेव्हा पुतण्या जन्मलाही नव्हता. नंबर लागला तेव्हा तो नववीची परीक्षा देऊन विहिरीत उड्या मारत होता. ग्रीन कार्डामुळे त्याला महाविद्यालयाच्या खर्चासाठी सरकारी मदतीचा, तिकडे ज्याला फाफ्सा म्हणतात तो, अर्ज करता येतो. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मुलांना ते दार बंदच असते. या अर्जातून कुटुंबाच्या ऐपतीचा एक आकडा निघतो आणि तो शून्याच्याही खाली, उणे 1500 पर्यंत जाऊ शकतो. हे ऐकून मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. 2020 च्या निसर्ग आणि 2021 च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडच्या अनेक बागायतदारांची ऐपत नेमकी त्याच बाजूला गेली होती, पण ती लिहिण्यासाठी आपल्याकडे कोणी रकाना ठेवला नव्हता.

पहिली अडचण गुणपत्रिकेची आली. तिकडची महाविद्यालये नववीपासूनचे गुण पाहतात, आणि पुतण्याची नववी मराठी माध्यमातली. मुख्याध्यापकांनी मोठ्या हौसेने इंग्रजी दाखला दिला, त्यावर गोल शिक्का मारला आणि कमी वाटला म्हणून शेजारी चौकोनीही मारला. तिथल्या समुपदेशक बाईंना मात्र प्रश्न पडला, की 78 म्हणजे साधारणच गुण, मग हा मुलगा वर्गात दुसरा कसा? 35 गुणांना उत्तीर्ण करणाऱ्या जगाचा परिचय करून देण्यासाठी मी दोन पानी पत्र लिहिले, आणि दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात बहुतेक दरवर्षी पहिला येतो, हेही विषय नसताना त्यात घातले.

खरी परीक्षा पुढेच होती. खासगी महाविद्यालयांपैकी बरीच फाफ्सावर समाधान मानत नाहीत; त्यांना सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक अर्ज लागतो आणि त्यात राहत्या घराखेरीजची स्थावर मालमत्ता विचारतात: खरेदीचे वर्ष, खरेदीची किंमत, आजचा बाजारभाव आणि त्यावरील कर्ज. दादाचे मत असे पडले, की गुहागरची बाग लिहूच नये, कारण ती एवढ्या लांबून कोणाला दिसणार आहे? वहिनींनी मात्र ठामपणे सांगितले, की मुलाच्या शिक्षणाची सुरुवात लबाडीने करायची नाही.

"भाऊजी, दोन हेक्टर दहा आर लिहू ना?" त्यांनी मला विचारले.

मी खोकलो. आमच्या घराण्यात ही बाग प्रत्येक मुलाच्या लग्नाच्या बोलणीत अखंड सांगण्याची प्रथा आहे. माझ्या आजोबांपासून सगळ्या चुलत, चुलत-चुलत भावांपर्यंत प्रत्येकाने सोयऱ्यांना त्याच बांधावर उभे करून, "ही आमची बाग," एवढेच सांगितले आहे, आणि त्यात खोटे काही नाही; "आमची" या शब्दात किती माणसे मावतात, हे विचारण्याचे काम मुलीकडच्यांचे होते. वहिनींच्या वडिलांनीही ते विचारले नव्हते.

शेवटी मी सातबारा काढून त्याचा फोटो पाठवला. त्यावर एकतीस नावे आहेत आणि त्यांपैकी एकोणीस मयत आहेत. आमचे वडीलही त्या एकोणिसांतच येतात, कारण वारस नोंदीसाठी सर्वांनी एकत्र यायचे ठरते तेव्हा पाऊस तरी असतो किंवा आंब्याचा हंगाम तरी. म्हणजे दादाचे नाव त्यावर नाहीच. पुतण्याने मात्र उत्साहाने गणित मांडले. पणजोबांचे चार मुलगे, आजोबांची सहा मुले आणि आम्ही चार भावंडे. चार गुणिले सहा गुणिले चार. त्याच्या वडिलांच्या वाट्याला शहाण्णवावा हिस्सा येतो, सुमारे दोन गुंठे. दहा मीटरवर एक कलम या हिशेबाने दोन झाडे, आणि तिसऱ्याची एक फांदी.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, इंटरनेट गेले.

"माझ्या बाबांना," वहिनी सावकाश म्हणाल्या, "दोन हेक्टर सांगितली होती."

दादाने त्या क्षणी कॉफी करण्यासाठी उठणे पसंत केले. वीस वर्षे सुरळीत चाललेल्या संसारात असा प्रश्न घालणारा अर्ज जगात दुसरा नसावा.

बाजारभावाचेही एकमत होईना. सरकारी दराने एक आकडा निघतो, दलालाच्या तोंडून दुसरा आणि भाऊबंदाने विकत घ्यायचे म्हटले तर तिसरा, जो इथे छापण्यासारखा नसतो. खरेदीच्या वर्षासाठी मी "पेशवाई" सुचवले, पण रकान्यात चारच अंक मावत होते. अखेरीस खुलाशासाठी दिलेल्या चौकटीत पुतण्याने सगळे खरे लिहून टाकले: नावे, मयत, शहाण्णवावा हिस्सा आणि फांदी.

दरम्यान, मी सातबारा काढल्याची बातमी गावभर झाली होती. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्यांच्या कचेरीत गेलेला माणूस पाहिल्यावर गावाला जे वाटायचे ते अजूनही तेच वाटते. चार दिवसांत डोंबिवलीच्या चुलत भावाचा फोन आला, की बाग अमेरिकन कंपनीला चालली आहे असे ऐकतो, आणि आमच्या सहीशिवाय व्यवहार होणार नाही हे ध्यानात ठेव. त्यानंतर विरारहून, चिपळूणहून आणि जिचे नाव हक्कसोडपत्राने 1987 साली कमी झाले आहे त्या आत्याकडूनही फोन आले. ज्या वारसांना एकत्र आणणे इतकी वर्षे आम्हांला साधले नव्हते, ते त्या दिवाळीत न बोलावता आमच्या ओटीवर जमले आणि फराळ संपेपर्यंत मोजणीची तारीख ठरवत बसले. ती अजून ठरायची आहे.

मार्चअखेरीस पुतण्याला एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि बऱ्यापैकी मदतही मिळाली. ते सांगण्यासाठी त्याने पहाटे साडेपाचलाच व्हिडिओ कॉल केला आणि म्हणाला, "काका, आपली दोन झाडे दाखवा ना."

मी विजेरी घेऊन बागेत गेलो. विहिरीजवळची दोन कलमे यंदा फळांनी वाकली आहेत. मी त्यांच्यावरून फोन पटकन पुढे नेला आणि बांधाकडची, एक वर्षाआड धरणारी दोन त्याला नीट, फांदीसकट दाखवली. विहिरीजवळची माझ्या शहाण्णवाव्या हिश्शात येतात.