फॅन्सी करते म्हणजे नेमके काय करते?

इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाची आठवण नातेवाइकांना दोनच कामांसाठी होते: विमा कंपनीचे पत्र वाचून घेण्यासाठी आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे ते जाणून घेण्यासाठी. यांपैकी पहिले काम सोपे, कारण कंपनीला काहीही द्यायचे नाही हे पाकीट न फोडताही सांगता येते. दुसरे सध्या माझ्या माथी आले आहे. माझा पुतण्या इंग्लंडात लीड्सला नोकरी करतो. कार्यालयातली एक इंग्रज मुलगी आपल्याला 'फॅन्सी' करते असे त्याने आईला फोनवर सांगून टाकले, आणि तेव्हापासून वहिनी रोज रात्री जेवणे आटोपली की मला विचारतात, "भावोजी, फॅन्सी करते म्हणजे नेमके काय करते?"

मी सांगितले की हा शब्द म्हणजे 'फॅन्टसी'चेच आखडलेले रूप आहे, त्यात कल्पनेचा भाग मोठा असतो, आणि ब्रिटिश माणूस चहा विचारतानाही हेच क्रियापद वापरतो. त्याला चहाशी संसार थाटायचा नसतो. वहिनींना निम्मा धीर आला. निम्माच, कारण चहा रोज लागतो, हे त्यांनी तत्काळ माझ्या नजरेस आणून दिले.

मग चिरंजिवांनीच 'क्रश' हा शब्द काढला. चिरडण्याच्या या क्रियापदाला हृदयाचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चिकटला, आणि ज्याला क्रश असतो तो बहुधा मनातल्या मनातच झुरत राहतो, सबब काळजी नसावी, असे मी म्हणालो. 'इन्फॅच्युएटेड'च्या पोटात मूर्ख या अर्थाचा लॅटिन शब्द बसला आहे आणि 'डोट' करणे हे म्हातारचळाच्या 'डोटेज'चे सख्खे भावंड आहे, हेही मी उत्साहाच्या भरात सांगून गेलो. "म्हणजे डोके फिरल्याशिवाय या लोकांना कोणी आवडतच नाही का?" या प्रश्नावर मी शिक्षकी पेशाला साजेसे मौन पाळले.

खरा पेच 'लव्ह'ने केला. इंग्रज माणूस ईश्वरावर, आईवर, पत्नीवर आणि चीजवर एकाच क्रियापदाने प्रेम करतो, आणि टेनिसमध्ये तोच शब्द शून्यासाठी वापरतो. त्यातून लीड्स पडले यॉर्कशरमध्ये. तिथे बसचा चालक आणि दुकानातली बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही 'लव्ह' म्हणून हाक मारतात. पुतण्याला भाजीवालीने असे संबोधल्याचे कळताच वहिनींनी त्या बाईचे वय विचारले. त्यानंतर, 'आय लव्ह हिम' आणि 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ हिम' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पहिले वाक्य भावालाही चालते आणि दुसरे चालत नाही, हे समजावताना माझा पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी सारांश काढला, "थोडक्यात, त्या 'इन'वर लक्ष ठेवायचे." इतके शुद्ध व्याकरण माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी उमगले नव्हते.

'लाइक'वर मात्र माझा स्वतःचा जीव आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रुचणे असा होता; आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी बसे आणि माणूस आपल्या 'मला आवडते'मधल्या 'मला'सारखा चतुर्थीत बाजूला उभा राही. शेक्सपिअरच्या नाटकांतही ही रचना भेटते. पुढे इंग्रजांनी 'मला'चे 'मी' केले आणि आवडण्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. आपण अजून ती घेतलेली नाही, आणि घरात मुलीच्या वडिलांसमोर बोलायची वेळ आली की हे किती सोयीचे पडते ते मी जाणतो. 2009 साली फेसबुकने या क्रियापदाचा अंगठा केला आणि 2016 साली त्याच्या शेजारी 'लव्ह'चा बदाम आणून ठेवला. आमच्या वहिनी हा बदाम साखरपुड्याच्या फोटोला देतात तसाच वर्षश्राद्धाच्या फोटोलाही देतात, त्यामुळे अर्थच्छटांचा विषय त्यांच्यापाशी काढताना मला नेहमीच धास्ती वाटते.

परवा प्रकरण नव्या वळणावर गेले. ती मुलगी पुतण्याला म्हणाली, "आय अ‍ॅम क्वाइट फॉन्ड ऑफ यू." आता 'फॉन्ड'मध्ये जिव्हाळा आहे, परंतु 'क्वाइट' हे अमेरिकेत बहुधा वाढवते आणि इंग्लंडात पुष्कळदा घटवते, शिवाय ते कोणत्या सुरात उच्चारले यावर सारे अवलंबून असते. हा सूर पुतण्याला फोनवर काढून दाखवायला लावला, तेव्हा तो पुण्याच्या रिक्षावाल्यासारखा वाटला आणि निदान करता येईना. मी दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या. वहिनी शांतपणे ऐकत होत्या.

"ते राहू द्या, भावोजी," त्या म्हणाल्या, "यावर आपल्या दिवट्याने काय उत्तर दिले?"

त्याने 'थँक यू' म्हटले होते. याचा अर्थ मात्र वहिनींनी मला विचारला नाही.