सोन्याची गाडी आणि पासष्टावा किलोमीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पोलंडमधल्या वाउबझिखच्या ‘सोन्याच्या गाडी’वर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलं खरमरीत पत्रच धाडलंत. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९४५ साली हरत आलेल्या जर्मनांनी सोनं भरलेली एक चिलखती रेल्वेगाडी ब्रेस्लाऊहून (आजचं व्रोत्सवाफ) डोंगराकडे पाठवली, ती एका बोगद्यात शिरली आणि बोगद्याचं तोंड बुजवून टाकलं, अशी ही दंतकथा आहे. तुमचं म्हणणं असं, की सापडली नाही म्हणजे नव्हतीच असं होत नाही. रेल्वेत उभी हयात गेल्यामुळे शांततेच्या काळातही वाघिणी (मालगाडीचे डबे) कशा हरवतात हे तुम्ही पाहिलंय, मग युद्धात गाडी का हरवू नये? शिवाय खुर्चीत बसून खोदणाऱ्यांची टर उडवणं सोपं असतं, आणि मराठी वाचकाला पोलंडचं काय पडलंय?

वाघीण हरवते, मान्य. पण ती हरवते म्हणजे कुठल्यातरी यार्डात बेवारस उभी असते. हरवतो तो तिचा कागद. इथे उलटं सांगितलं जातंय. आख्खी गाडी डोंगरात घालायची तर आधी बोगदा हवा, त्यातून निघालेला दगड टाकायला जागा हवी, मुख्य मार्गापासून फुटणारं सायडिंग हवं, रूळ बदलणारे सांधे हवेत, ते टाकणारी गँग हवी. दोन्ही बाजूंच्या स्टेशनमास्तरांना गाडी निघाल्याचं आणि न पोहोचल्याचं कळायला हवं. हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल! त्यातून ब्रेस्लाऊला सोव्हिएत फौजांचा वेढा फेब्रुवारी १९४५ च्या मध्याला पडला आणि शहर शरण आलं ६ मे रोजी. गाडी एप्रिलमध्ये निघाली असं सांगणारे लोक ती वेढ्यातून कशी बाहेर काढतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

‘सापडली नाही म्हणजे नव्हती असं नाही’ हे तत्त्व म्हणून ठीक. पण दावा ‘त्या डोंगरांत कुठेतरी’ असा मोघम नव्हताच. ऑगस्ट २०१५ मध्ये पिओत्र कोपर आणि आंद्रेआस रिश्टर या दोघांनी वकिलांमार्फत सरकारला कळवलं, की गाडी कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, किमतीच्या १० टक्के द्या. जागा पुढे जाहीर झाली : व्रोत्सवाफ–वाउबझिख मार्गाचा ६५ वा किलोमीटर, रुळांलगतचा चढ. सांस्कृतिक खात्याच्या उपमंत्र्यांनी ‘९९ टक्क्यांहून अधिक खात्री’ असल्याचं सांगून टाकलं. जगभरचे कॅमेरे येऊन थडकले, लष्कराने सुरुंग वगैरे नाहीत ना ते तपासलं. डिसेंबरमध्ये क्राकूफच्या खाणविद्यापीठातल्या भूभौतिकीच्या लोकांनी मोजणी करून सांगितलं, की एखादा बोगदा असेलही, गाडी नाही. तरी ऑगस्ट २०१६ मध्ये खोदलंच. सापडली ती माती आणि दगड.

दावेदारांकडे होतं ते जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचं चित्र. हे रडार लोखंड ओळखत नाही. कोरड्या मातीनंतर ओली माती आली, वाळूनंतर चिकणमाती आली, पोकळी आली, की लहर परतते आणि पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात. ओल्या चिकणमातीत तर काही मीटरांतच लहरी विरून जातात. त्या पट्ट्यांत डबे दिसले, कारण बघणाऱ्याला डबेच हवे होते. चुंबकीय मोजणीचं तसं नसतं. शेकडो टन पोलाद एका रांगेत पुरलेलं असेल तर ते लपणं अवघड. शेजारचे रूळ आणि विजेच्या तारा ही मोजणी किचकट करतात हे खरं, पण त्याचा हिशेब धरणं हेच तर क्राकूफच्या त्या लोकांचं रोजचं काम.

खरोखरच लपवलेल्या वस्तूंचं काय झालं तेही पाहा. वाउबझिख ज्या प्रदेशात येतं त्याच सायलेशियात गुंथर ग्रुंडमान नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने युद्धकाळात कलावस्तू गावोगावच्या वाड्यांत आणि चर्चमध्ये हलवल्या होत्या. त्याची यादी युद्धानंतर पोलिश लोकांच्या हाती लागली आणि त्या यादीवरून बरंच काही परत मिळालं. हंगेरीतल्या ज्यूंकडून लुटलेल्या ऐवजाची गाडीही खरी होती. ती मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आली आणि त्या ऐवजाची नीट परतफेड झाली नाही म्हणून चाललेला दावा २००५ साली अडीच कोटी डॉलरहून थोड्या जास्त रकमेवर मिटला. जे होतं त्याचा कागद कुठे ना कुठे निघाला. वाउबझिखच्या गाडीचा एक चिटोराही नाही.

मग ही कथा जगली कशी? मला गाडीपेक्षा हेच जास्त खेचतं. १९४५ नंतर तो सगळा प्रदेश जर्मनीकडून पोलंडकडे गेला. जर्मन कुटुंबं हाकलली गेली आणि त्यांच्या घरांत, त्यांच्याच टेबलाखुर्च्यांवर, पूर्वेकडून आलेली पोलिश कुटुंबं राहू लागली. जाणाऱ्यांनी परसात चिनीमातीची भांडी, चांदीचे चमचे खरंच पुरले होते, आणि नव्यांना ते अधूनमधून सापडतही होते. अशा गावात खजिन्याची गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पुढे १९९० च्या दशकात कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि गाव बेकार झालं. गोष्टीला आणखी धार आली.

आणि आता पोलंडचं मराठी माणसाला काय. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. त्यातल्या बहुतेकांची घरं होती ती पूर्व पोलंडमध्ये. युद्ध संपल्यावर तो भाग सोव्हिएत संघात गेला आणि तिथल्या लाखो लोकांना याच सायलेशियातली रिकामी घरं देण्यात आली. इतकं नातं मला पुरतं.

टर उडवल्याचा आरोप मात्र मी घेणार नाही. माझा राग खोदणाऱ्यांवर नाहीच. कोपर यांचं नाव पुढे २०१९ मध्ये पुन्हा आलं : स्त्रुगा गावातल्या एका जुन्या वाड्यात गिलाव्याखाली त्यांना सोळाव्या शतकातली सुमारे दोन डझन भित्तिचित्रं सापडली. सोन्याच्या गाडीच्या मानाने या बातमीला किती जागा मिळाली, ते शोधून पाहा. आणि त्याच डोंगरांत खरे बोगदे आहेतच. १९४३ मध्ये सुरू झालेल्या ‘रीझे’ नावाच्या नाझी प्रकल्पासाठी ग्रॉस-रोझेन छळछावणीचे सुमारे १३,००० कैदी तिथे राबवले गेले, बहुतेक ज्यू. त्यातले हजारो भुकेने, थंडीने, टायफसने मेले. बोगदे कशासाठी हवे होते यावर अजून वाद आहेत. तिथे जाऊन कुणी फक्त ‘सोनं कुठे?’ असं विचारलं, की मला अंगावर काटा येतो.

तुमची मुलगी बर्लिनला असते आणि तुम्ही उन्हाळ्यात तिकडे जाणार, असं लिहिलंयत. जमलं तर वाउबझिखला जाऊन या. पासष्टाव्या किलोमीटरला बघण्यासारखं काही नाही, तो चालू मार्ग आहे. ओसुफका आणि व्वोदाश इथले बोगदे तिकीट काढून बघता येतात. व्वोदाशच्या काही भागात पाणी भरलंय, तिथून होडीने नेतात. भर उन्हाळ्यातही आत चांगलंच गारठतं, तेव्हा स्वेटर घेऊन जा. आणि त्या डोंगरातल्या जुन्या मार्गांवरचे बोगदे-पूल पाहून रेल्वेवाल्याच्या नजरेने चार ओळी लिहून पाठवलेत, तर इथे तुमच्या नावाने छापीन.